विश्लेषण : छर्ऱ्याचा वेग, ज्यूलची मर्यादा आणि खेळाडूंच्या पळवाटा

जबलपूर : सहा मिलिमीटर व्यासाचा आणि ०.२० ग्रॅम वजनाचा प्लॅस्टिकचा छर्रा सेकंदाला १०० मीटर वेगाने नळीबाहेर पडला, तर त्याची ऊर्जा बरोबर एक ज्यूल भरते. शंभर ग्रॅमचे सफरचंद मीटरभर उंचीवरून जमिनीवर पडताना जवळपास एवढीच ऊर्जा बाळगते. ते सफरचंद पायावर पडले तर कोणी दवाखाना गाठणार नाही. मात्र तीच ऊर्जा सहा मिलिमीटरच्या टिकलीएवढ्या जागेत एकवटून डोळ्यावर आदळली, तर दृष्टी कायमची जाऊ शकते. हवेच्या किंवा वायूच्या दाबावर छर्रे सोडणाऱ्या बंदुकांना जगभर ताकदीची मर्यादा घालण्यात आली आहे, ती या कारणाने.

जबलपूरमधील बडा फुहारा ही या शहराची जुनी, गजबजलेली बाजारपेठ. नावाचा अर्थ मोठे कारंजे. त्रिपुरी येथे १९३९ मध्ये झालेल्या काँग्रेस अधिवेशनाच्या स्मरणार्थ उभारलेली कमानिया गेट ही वेस येथून जवळच आहे. अशा कोणत्याही मोठ्या बाजारात सणासुदीच्या दिवसांत खेळण्यांच्या दुकानांबाहेर प्लॅस्टिकच्या छर्ऱ्यांची पिस्तुले टांगलेली असतात. मूल हट्ट धरते, पालक किंमत विचारतात, रंग पाहतात. या पिस्तुलाची ताकद किती ज्यूल, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही.

तोफांशी जुने नाते असलेल्या या शहरात तरी हा प्रश्न परका वाटू नये. येथील गन कॅरेज फॅक्टरी १९०४ पासून उभी असून १५५ मिलिमीटरची 'धनुष' तोफ याच कारखान्यात तयार होते. पॅरिस पॅरालिम्पिकमध्ये २०२४ साली दहा मीटर एअर पिस्तूल प्रकारात कांस्यपदक मिळवणारी रुबिना फ्रान्सिस हीदेखील जबलपूरचीच. खेळण्यातले पिस्तूल, स्पर्धेतले पिस्तूल आणि परवाना लागणारे शस्त्र यांच्यातील सीमा बरीचशी एका आकड्यावर ठरते. तो आकडा कसा मोजतात, कोणत्या देशाने तो कुठे ठेवला आहे आणि खेळाडू त्याला वळसा कसा घालतात, याचा हा आढावा.

वेग वेगळा, ऊर्जा वेगळी

छर्ऱ्याच्या बंदुकांची जाहिरात बहुधा वेगाची असते. 'सेकंदाला ३५० फूट', 'सेकंदाला ४०० फूट' असे आकडे खोक्यावर ठळक छापलेले असतात. इजा किती होईल हे मात्र एकट्या वेगावरून कळत नाही. गतिज ऊर्जा म्हणजे वस्तुमानाचा निम्मा गुणिले वेगाचा वर्ग, हे शालेय भौतिकशास्त्रातले सूत्र येथे जसेच्या तसे लागू पडते.

०.२० ग्रॅमचा छर्रा सेकंदाला १०० मीटर, म्हणजे सुमारे ३२८ फूट वेगाने गेला तर ऊर्जा एक ज्यूल होते. छर्रा ०.४० ग्रॅमचा असेल आणि वेग तेवढाच राहिला तर ती दोन ज्यूल होईल. उलट, ०.४० ग्रॅमच्या छर्ऱ्याला एका ज्यूलमध्येच ठेवायचे असेल तर त्याचा वेग सेकंदाला सुमारे ७१ मीटरच असायला हवा. म्हणून 'आमच्या मैदानावर ३५० फुटांची मर्यादा आहे' हे वाक्य, छर्ऱ्याचे वजन सांगितल्याशिवाय अपुरे राहते. ०.२० ग्रॅमचा छर्रा ३५० फूट वेगाने गेला तर ऊर्जा १.१४ ज्यूल होते, ०.४० ग्रॅमचा गेला तर २.२८ ज्यूल.

ऊर्जेसोबत आणखी एक गोष्ट पाहावी लागते. ती किती जागेवर आदळते? पेंटबॉल या रंगगोळ्यांच्या खेळात गोळी सुमारे तीन ग्रॅमची असते आणि वेगाची प्रचलित मर्यादा सेकंदाला ३०० फूट आहे. या हिशेबाने तिची ऊर्जा साडेबारा ज्यूलच्या आसपास जाते, म्हणजे एअरसॉफ्टच्या छर्ऱ्याच्या बारापट. पण पेंटबॉलची गोळी सतरा मिलिमीटरहून जाड असते आणि आदळताच फुटते. त्यामुळे प्रत्येक चौरस सेंटीमीटरवर येणारी ऊर्जा साडेपाच ज्यूलच्या आत राहते. एक ज्यूलच्या एअरसॉफ्ट छर्ऱ्याचा हाच आकडा साडेतीन ज्यूल आहे. बारापटीचा फरक येथे दीडपटीवर येतो.

देशोदेशीच्या मर्यादा

एअरसॉफ्टचा जन्म जपानमधला. खऱ्या बंदुकांवर तेथे कडक निर्बंध आहेत. त्यामुळे १९७०च्या दशकात हुबेहूब दिसणाऱ्या, पण प्लॅस्टिकचे छर्रे सोडणाऱ्या बंदुकांचा छंद तेथे रुजला. तोक्यो मारुई या कंपनीने १९९१ मध्ये विजेरीवर चालणारी पहिली रायफल बाजारात आणली आणि या छंदाचे सांघिक खेळात रूपांतर होण्यास वेग आला.

जपानने २००६ मध्ये कायद्यात दुरुस्ती करून मर्यादा घातली, ती थेट दर चौरस सेंटीमीटरला ३.५ ज्यूल अशी. सहा मिलिमीटरच्या छर्ऱ्यासाठी ती सुमारे ०.९८ ज्यूल होते. छर्रा मोठा असेल तर त्या प्रमाणात अधिक ऊर्जा चालते. इजेचा विचार करता ही व्याख्या अधिक काटेकोर म्हणावी लागेल.

ब्रिटनमध्ये छर्ऱ्याची ऊर्जा एक ज्यूलच्या वर गेली की साधन प्राणघातक नळीच्या शस्त्रांच्या व्याख्येत शिरते. एअरसॉफ्टसाठी २०१७ च्या कायद्याने स्वतंत्र सवलत दिली. लागोपाठ छर्रे सोडू शकणाऱ्या बंदुकीला १.३ ज्यूलपर्यंत आणि एका वेळी एकच छर्रा सोडणाऱ्या बंदुकीला २.५ ज्यूलपर्यंत. हा फरक समजण्यासारखा आहे. लागोपाठच्या माऱ्यात एकाच माणसाला क्षणार्धात अनेक छर्रे लागतात. धातूच्या छर्ऱ्यांच्या एअर रायफलसाठी तेथे १२ फूट-पाऊंड, म्हणजे सुमारे १६.३ ज्यूल आणि एअर पिस्तुलासाठी ६ फूट-पाऊंड, म्हणजे सुमारे ८.१ ज्यूल ही मर्यादा इंग्लंडमध्ये दीर्घकाळ प्रचलित आहे.

जर्मनीत अर्धा ज्यूल ही महत्त्वाची रेषा आहे. तिच्या वर आणि साडेसात ज्यूलपर्यंतच्या हवेच्या बंदुकीवर पंचकोनात 'एफ' हे अक्षर कोरलेले असावे लागते आणि ती केवळ १८ वर्षांवरील व्यक्तीला विकता येते. जगातील नावाजलेल्या स्पर्धात्मक एअर रायफली जर्मन बनावटीच्या आहेत. त्यांची ताकद साधारण साडेसात ज्यूलच्या घरात असते, त्यामागे हा नियमही आहे.

भारतात वीस ज्यूल, पण तेवढेच नव्हे

भारतात शस्त्रास्त्र अधिनियम १९५९ आणि त्याखालील शस्त्रास्त्र नियम २०१६ लागू आहेत. छर्रा नळीबाहेर पडतानाची ऊर्जा २० ज्यूलपेक्षा अधिक असेल किंवा नळीचा व्यास ४.५ मिलिमीटरपेक्षा, म्हणजे ०.१७७ इंचापेक्षा मोठा असेल, तर ती हवेची बंदूक परवान्याच्या कक्षेत येते. ०.५३ ग्रॅमच्या शिशाच्या छर्ऱ्यासाठी २० ज्यूल म्हणजे सेकंदाला सुमारे २७५ मीटर वेग.

एवढी ऊर्जा साडेचार मिलिमीटरच्या छर्ऱ्यावर एकवटली तर दर चौरस सेंटीमीटरला ती सव्वाशे ज्यूलच्या घरात जाते, जपानने एअरसॉफ्टला घालून दिलेल्या मर्यादेच्या सुमारे ३६ पट. विनापरवाना मिळते म्हणजे निरुपद्रवी आहे, असा अर्थ येथे काढता येत नाही. पक्ष्यांच्या शिकारीसाठी एअर गनचा वापर होतो, ही देशातील जुनी तक्रार आहे. अरुणाचल प्रदेशात मार्च २०२१ मध्ये नागरिकांनी स्वेच्छेने एअर गन परत करण्याची मोहीम सुरू झाली, ती याच पार्श्वभूमीवर.

एअरसॉफ्टच्या बाबतीत नियमातील दुसरी अट लक्षात घ्यावी लागते. या बंदुकांची नळी सहा मिलिमीटरची असते, म्हणजे ४.५ मिलिमीटरपेक्षा मोठी. ऊर्जा एकच ज्यूल आहे, म्हणून प्रश्नच नाही, असे समजून परदेशातून अशी बंदूक मागवणे त्यामुळे धोक्याचे ठरू शकते. खऱ्या शस्त्रासारखे दिसणारे साधन सार्वजनिक ठिकाणी घेऊन फिरल्यास उद्भवणारे पोलिसी प्रश्न वेगळेच. खरेदीपूर्वी जिल्ह्यातील शस्त्र परवाना शाखेकडे लेखी विचारणा करणे हाच सुरक्षित मार्ग आहे.

लहान मुलांच्या खेळण्यांचा कायदा पुन्हा निराळा. चौदा वर्षांखालील मुलांसाठीच्या खेळण्यांवर १ जानेवारी २०२१ पासून भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. छर्रे सोडणाऱ्या खेळण्यावर हे चिन्ह नसेल, तर त्याची ताकद कोणीही तपासलेली नाही असेच ग्राहकाने धरून चालावे.

मोजणीच्या टेबलावरची चलाखी

जेथे एअरसॉफ्टचे सामने रीतसर भरतात, तेथे मैदानात उतरण्यापूर्वी प्रत्येक बंदूक वेगमापक यंत्रासमोर धरली जाते. या यंत्राला क्रोनोग्राफ म्हणतात. त्याची रचना साधी आहे. ठरावीक अंतरावर दोन प्रकाशसंवेदक बसवलेले असतात. छर्रा पहिल्यासमोरून गेला की घड्याळ सुरू होते, दुसऱ्यासमोरून गेला की थांबते. संवेदकांत दहा सेंटीमीटर अंतर असेल आणि छर्ऱ्याला ते कापायला एक सहस्रांश सेकंद लागला, तर वेग सेकंदाला १०० मीटर. वजनाचा आकडा माणूस भरतो आणि यंत्र ज्यूल सांगते.

फसवणुकीची पहिली जागा नेमकी येथे आहे. यंत्राला वेग कळतो, वजन कळत नाही. खेळाडूने ०.३० ग्रॅमचे छर्रे भरले आणि ०.२० ग्रॅम सांगितले, तर यंत्र खऱ्या ऊर्जेच्या दोनतृतीयांशच ऊर्जा दाखवते. सेकंदाला ९० मीटर वेगाच्या अशा छर्ऱ्याची खरी ऊर्जा १.२ ज्यूलहून अधिक असते. यंत्रावर मात्र ०.८१ ज्यूल उमटते.

दुसरी पळवाट अधिक सूक्ष्म असून तिला खेळाडूंच्या भाषेत 'ज्यूल क्रीप' म्हणतात. वायूवर किंवा दाबाच्या हवेवर चालणाऱ्या बंदुकीत जड छर्रा सावकाश हलतो, नळीत अधिक वेळ राहतो आणि तेवढा वेळ मागून वायूचा रेटा खात राहतो. परिणामी तीच बंदूक, तेच नियमन, पण जड छर्ऱ्याला अधिक ऊर्जा मिळते. समजा, तपासणीच्या वेळी ०.२० ग्रॅमच्या छर्ऱ्याने सेकंदाला १०० मीटर, म्हणजे एक ज्यूल दाखवला. नंतर खेळाडूने ०.३२ ग्रॅमचे छर्रे भरले. ऊर्जा तेवढीच राहिली असती तर वेग ७९ मीटरवर यायला हवा होता. तो ९० मीटरवरच थांबला, तर ऊर्जा १.३ ज्यूल झाली. वेग कमी दिसतो आणि ऊर्जा तीस टक्क्यांनी वाढलेली असते. केवळ फूट प्रति सेकंद पाहणाऱ्या तपासनिसाला ही बंदूक उलट सौम्य झाली असे वाटेल.

स्प्रिंगवर चालणाऱ्या विजेरी बंदुकीत हा परिणाम बराच कमी असतो, कारण प्रत्येक वेळी सिलिंडरमधील हवेचा साठा मर्यादित असतो. जड छर्रा नळीबाहेर पडण्याआधीच तो रेटा ओसरला, तर ऊर्जा घटते देखील. एकच नियम सर्व प्रकारच्या बंदुकांना सारखा लावला की कोणाला फायदा, कोणाला तोटा होतो, तो यामुळे.

तिसरा घटक हवामानाचा. 'ग्रीन गॅस' या नावाने विकला जाणारा वायू मुख्यतः प्रोपेन असतो. दहा अंश सेल्सिअसला प्रोपेनचा बाष्पदाब सुमारे साडेसहा बार असतो, तर तीस अंशांना तो पावणेअकरा बारच्या आसपास पोहोचतो. हिवाळ्यातील गार सकाळी तपासणी पार केलेली वायूवरची बंदूक दुपारच्या उन्हात मर्यादा ओलांडू शकते. येथे खेळाडूचा हेतू वाईट असलाच पाहिजे असे नाही. मात्र तपासणीपूर्वी छर्ऱ्यांची व वायूची पेटी मुद्दाम थंड ठेवणारा खेळाडू हाच भौतिक नियम जाणूनबुजून वापरत असतो.

चौथा प्रकार उघड लबाडीचा. तपासणी झाल्यावर स्प्रिंग बदलणे, दाबनियंत्रकाचा स्क्रू दोन फेरे फिरवणे किंवा तपासलेल्या बंदुकीसारखीच दुसरी बंदूक मैदानात आणणे असे मार्ग त्यात येतात. पाचवा प्रकार 'हॉप-अप' या भागाशी निगडित आहे. नळीच्या मागच्या टोकाशी असलेला रबराचा हा छोटा उंचवटा छर्ऱ्याला उलटी फिरकी देतो. त्या फिरकीमुळे छर्ऱ्याच्या वरून जाणारी हवा वेगाने सरकते, छर्रा काही काळ उचललेला राहतो आणि दूर जातो. क्रिकेटमध्ये फिरकीचा चेंडू हवेत वळतो, त्यामागेही हाच मॅग्नस परिणाम असतो. उंचवटा जास्त दाबला की छर्ऱ्याला होणारा अडथळा बदलतो आणि यंत्रावरचा आकडाही बदलतो. काही खेळाडू तपासणीपुरता तो मुद्दाम आवळतात आणि खेळताना सैल करतात.

मैदानांचे प्रत्युत्तर

या पळवाटांवर गेल्या काही वर्षांत ठोस उपाय रूढ झाले आहेत. मर्यादा फुटांऐवजी ज्यूलमध्ये सांगणे, हा त्यांपैकी सर्वांत महत्त्वाचा. खेळाडू प्रत्यक्ष वापरणार आहे त्याच वजनाच्या छर्ऱ्यांवर आणि हॉप-अप नेमाला जुळवल्यानंतर मोजणी करणे हा दुसरा. शंका आली तर छर्रे आयोजक स्वतः पुरवतात किंवा खेळाडूचे छर्रे वजनकाट्यावर घेतात.

दाबाच्या हवेवरील बंदुकांच्या नियंत्रकावर कुलूपवजा झाकण बसवले जाते, म्हणजे सामना सुरू असताना स्क्रू फिरवता येत नाही. तपासलेल्या बंदुकीला क्रमांकाची पट्टी किंवा सील लावले जाते. खेळाच्या मध्यात, कोणतीही सूचना न देता पुन्हा मोजणी केली जाते. हवामानाचा प्रश्न आणि लबाडीचा प्रश्न, दोन्ही या एका उपायाने आटोक्यात येतात. अधिक ताकदीच्या, एकेक छर्रा सोडणाऱ्या लांब पल्ल्याच्या बंदुकांना किमान अंतराचा नियम असतो. ठरलेल्या अंतराच्या आत प्रतिस्पर्धी आला तर त्यांनी ती बंदूक वापरायची नाही.

तरीही एक गोष्ट यंत्राच्या आवाक्याबाहेर राहते. पेंटबॉलमध्ये अंगावर रंग उमटतो, एअरसॉफ्टमध्ये काहीही खूण राहत नाही. छर्रा लागला हे ज्याला लागला त्यानेच हात वर करून सांगायचे असते. समोरचा मान्य करत नाही, अशी भावना बळावली की खेळाडू ताकद वाढवण्याकडे वळतो. 'जोरात लागले की नाकारणार नाही' असा त्यामागचा हिशेब असतो. प्रतिस्पर्धीही तेच करतो आणि मर्यादेला अर्थ उरत नाही. ज्यूलची मर्यादा शेवटी खेळाडूंच्या परस्परविश्वासावर उभी आहे.

मर्यादेच्या आत मिळणारी आघाडी

नियम न मोडता वरचढ ठरण्याचे मार्गही आहेत आणि अनुभवी खेळाडू बहुधा त्यांवरच भर देतात. ऊर्जा तेवढीच ठेवून जड छर्रा वापरला तर नळीबाहेर पडताना तो मंद असतो, पण हवेच्या विरोधाने त्याचा वेग लवकर घटत नाही आणि वाऱ्याने तो कमी भरकटतो. ०.२० ग्रॅमचा छर्रा सुरुवातीला पुढे धावतो, पण लांबच्या पल्ल्यावर जड छर्रा अधिक विश्वासार्ह ठरतो. नेमके त्या अंतरावर लागण्याची खात्री हवी असते.

छर्ऱ्याच्या गोलाईतील सारखेपणा, नळीची स्वच्छता, पिस्टन आणि नळी यांच्यामध्ये हवा कोठेही न गळणे आणि हॉप-अपचे रबर योग्य स्थितीत असणे, या गोष्टी ताकद न वाढवता अचूकता वाढवतात. लागोपाठ सुटणाऱ्या दहा छर्ऱ्यांच्या वेगात फरक जितका कमी, तितका त्यांचा नेम एकवटलेला. सेकंदाला पाच-दहा मीटर वेग वाढवण्यापेक्षा प्रत्येक छर्ऱ्याचा वेग सारखा ठेवणे अधिक कठीण आहे आणि अधिक उपयोगाचेही.

दहा मीटरवरचा धडा

हा धडा सर्वांत स्पष्टपणे दिसतो तो ऑलिम्पिकमधील दहा मीटर एअर रायफल आणि एअर पिस्तूल प्रकारांत. रायफलचा साडेचार मिलिमीटरचा, सुमारे अर्धा ग्रॅम वजनाचा छर्रा सेकंदाला साधारण १७० मीटर वेगाने जातो. भारतीय नियमांतील २० ज्यूलच्या निम्म्याहूनही कमी ऊर्जा येथे पुरते. छर्ऱ्याला दहा मीटर अंतर कापायला सेकंदाचा सुमारे सोळावा भाग लागतो. रायफलच्या लक्ष्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघ्या अर्ध्या मिलिमीटरचा असतो. ताकद वाढवून तो ठिपका मोठा होत नाही.

म्हणून येथील चढाओढ सातत्याची आहे. दोनशे बार दाबाच्या सिलिंडरमधील हवा नियंत्रकातून गाळून प्रत्येक नेमाला सारखीच दिली जाते. ४.४९, ४.५० आणि ४.५१ मिलिमीटर अशा व्यासांतील छर्ऱ्यांचे वेगवेगळे संच रायफल शिकंजात घट्ट बसवून तपासले जातात आणि त्या नळीला मानवणारा संच निवडला जातो. एका मिलिमीटरच्या शंभराव्या भागासाठी केलेली ही शोधाशोध नियमात बसणारी आहे.

नियमांची करडी नजर असते ती शरीराला मिळणाऱ्या आधारावर. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांनुसार रायफलचे वजन साडेपाच किलोपेक्षा अधिक असता कामा नये. नेमबाजाच्या जाड जॅकेटचे कापड यंत्राने दाबून पाहतात. ते किमान तीन मिलिमीटर दबले नाही तर जॅकेट बाद, कारण ताठ जॅकेट पाठीच्या कण्याचे काम स्वतःवर घेते. बुटाचा तळवाही ठरावीक कोनात वाकला पाहिजे. एअर पिस्तुलाचे वजन दीड किलोच्या आत आणि चापावरचा भार किमान ५०० ग्रॅम असावा लागतो. चापाला तेवढे वजन अडकवून पिस्तूल उचलतात. चाप तेवढ्यात सुटला तर पिस्तूल चालत नाही. हवेच्या सिलिंडरची मुदत संपलेली नसणे ही खेळाडूची जबाबदारी असते. फेरी संपल्यावरही तपासणी होऊ शकते आणि त्रुटी आढळल्यास खेळाडू बाद ठरतो.

महाराष्ट्राला हा खेळ नवा नाही. अंजली भागवत यांनी २००० च्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये आणि सुमा शिरूर यांनी २००४ च्या अथेन्स ऑलिम्पिकमध्ये एअर रायफलची अंतिम फेरी गाठली. शिरूर यांनी २००४ च्या आशियाई स्पर्धेत ४०० पैकी ४०० गुण मिळवले होते. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील २०२२ मध्ये कैरो येथे दहा मीटर एअर रायफलचा जगज्जेता ठरला. या प्रत्येक यशात वापरलेली बंदूक ताकदीच्या दृष्टीने साधारणच होती.

जबलपूरची रुबिना फ्रान्सिस हिचे उदाहरण याच रांगेतले. लंडन ऑलिम्पिकचा कांस्यपदक विजेता गगन नारंग याच्या 'गन फॉर ग्लोरी' या अकादमीच्या जबलपूर केंद्रात तिने सुरुवात केली. वडील मेकॅनिक, पायात जन्मजात व्यंग, हाती हवेचे पिस्तूल. पॅरिसच्या अंतिम फेरीत तिने २११.१ गुणांसह तिसरे स्थान मिळवले. ज्या पिस्तुलाने तिने हे केले, त्याची ऊर्जा परवान्याच्या मर्यादेपासून बरीच खाली असते.

डोळे आधी

इजांचा विचार केला तर छर्ऱ्यांच्या खेळात सर्वाधिक धोका डोळ्यांना असतो. त्वचेवर लागलेला एक ज्यूलचा छर्रा लाल वळ उठवतो. डोळ्यावर लागला तर बुबुळापुढच्या पोकळीत रक्त साचू शकते, भिंग जागचे हलू शकते, दृष्टिपटल सुटू शकते. वरवर बरा झालेला डोळा काही वर्षांनी काचबिंदूला बळी पडू शकतो. म्हणून अशी दुखापत झाल्यावर दुखणे थांबले तरी नेत्रतज्ज्ञांकडून तपासणी करून घेणे आवश्यक ठरते. डोळा चोळू नये आणि घरगुती औषध घालू नये.

साधा चष्मा किंवा उन्हाचा गॉगल येथे संरक्षण देत नाही. त्याची काच फुटून तिचेच तुकडे डोळ्यात जाण्याची भीती असते. आघातरोधक म्हणून तपासलेला, बाजूंनीही बंद असलेला चष्मा लागतो. खेळ संपल्याची शिटी वाजेपर्यंत तो काढायचा नाही, हा जगभरच्या मैदानांवरचा पहिला नियम आहे आणि तो पाहणाऱ्यांनाही लागू आहे.

घराच्या गच्चीवर किंवा गल्लीत मात्र शिटी वाजवणारा कोणी नसतो. तेथे वेगमापक नसतो, छर्ऱ्यांचे वजन कोणी तपासत नाही आणि किमान अंतराचा नियमही नसतो. त्यामुळे मुलाच्या हाती असे पिस्तूल देण्यापूर्वी चार गोष्टी पाहाव्यात. आयएसआय चिन्ह आहे काय? खोक्यावर किमान वय किती लिहिले आहे? ऊर्जा ज्यूलमध्ये दिली आहे की केवळ वेग फुटांत दिला आहे? आणि सोबत डोळ्यांचे संरक्षण मिळते काय? या चारही प्रश्नांचे समाधानकारक उत्तर मिळाले नाही, तर ते पिस्तूल दुकानातच राहू द्यावे.

बडा फुहाऱ्याच्या गर्दीत दुकानदार भाव सांगतो, मूल नळी डोळ्यासमोर धरून आत डोकावते. त्या क्षणी नळीत छर्रा असेल काय, हे कोणालाच ठाऊक नसते. ज्यूलचे गणित तेथे उपयोगी पडत नाही. नळी आधी जमिनीकडे वळवायला शिकवणे हे मोठ्यांचे काम आहे.